बर्फावरची लस

शेजारच्या नवसीच्या पोराला डांग्या खोकला झाला, तेव्हापासून लाडकीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. भिंत कुडाची. पलीकडे पोराला ढास लागली की ती आपल्या मंदाच्या छातीवर हात ठेवून बसायची.

लस टोचायची, पण कुठे? तारापूरला अणुकेंद्राच्या बांधकामावर दवाखाना होता. तिथे कायम नोकरांच्या पोरांनाच टोचत. लाडकीचा नवरा विश्राम ठेकेदाराकडे सिमेंट वाहायचा, त्याच्याकडे कार्ड नव्हतं. पालघरला सरकारी दवाखान्यात फुकट मिळे, पण तिथली लस संपलेली. पालघरच्याच एका खासगी डॉक्टरने सात रुपये सांगितले. बोईसरच्या डॉक्टरीणबाई पाच घेत.

पाच रुपये लाडकीच्या कनवटीला होते. तरी सकाळी त्यांच्या दवाखान्यात सवयीने ती म्हणाली, "तीन घ्या, बाई."

"एकच भाव हाय, मावशी," कंपाउंडर आत्माराम म्हणाला. "बाटली आत्ताच उघडलीय. सहा पोरांची हाय नि आलीत चार. घे टोचून."

लाडकी दाराकडे वळली. सकाळचा एकच भाव संध्याकाळी किती होतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बाजार उठताना तिने स्वतः कितीदा बोंबील अर्ध्या किमतीत देऊन टाकले होते. मंदाला कडेवर घेऊन ती बाजारात गेली, टोपली विकली, पोरीला भात भरवला आणि उन्हं कलल्यावर परत आली.

"उरली असंल ना बाटलीत?"

"उरलीय," डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या. "पण देता येणार नाही."

"चार देते."

"पैशाचं नाही गं. थर्मासातला बर्फ दुपारीच संपला. दिवसभर तापलेली लस टोचून खोकला थांबेल, असं मी कशी सांगू?"

"फेकून देनार, पन पोरीला नाय देनार?"

"बर्फ गेलेलं पापलेट तू कोनाला देतेस, मावशी?" आत्माराम म्हणाला. "आमालाच ना?"

लाडकीला हसू आलं नाही. तसलं पापलेट ती विकायची. मंदाच्या ताटात तिने ते कधी वाढलं नव्हतं.

"मग उद्या येते. पाच देते."

"नवी बाटली मुंबईहून यायची. शुक्रवारी ये."

शुक्रवारला अजून चार दिवस होते. लाडकी घरी गेलीच नाही. नवसीचं दार टाळून मागच्या वाटेने ती बहिणीकडे, दुसऱ्या पाड्यावर गेली.

"शुक्रवारपत्तर आमी इथंच र्‍हातो, सुगंधा."

सुगंधाने सगळं ऐकून घेतलं. पोरीसाठी वाकळ पसरता पसरता ती म्हणाली, "सकाळी पाच देऊन मोकळी झाली असतीस. दोन रुपयं वाचवायला गेलीस, व्हय?"

लाडकीचे पाय ठणकत होते. तिने भिंतीला पाठ टेकली.

मंदा झोपेत एकदाच खोकली. दोघी बहिणी तशाच थांबल्या, ऐकत.