वायचा आय होतो

हॉस्पिटलात सफाईचं काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणत, पण नुसती ‘मावशी’ अशी हाक आली की वळून बघायच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या. तिथल्या सगळ्यांत जुन्या त्याच होत्या.

परदेशी पेशंट यायला लागले तसा व्यवस्थापनाने या बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. सकाळची पाळी संपली की तळघरात, धुतलेल्या चादरींच्या खोलीत. शिकवायला एक तरुण सर येत. अर्ध्याअधिक बायका चहा मिळतो म्हणून यायच्या. मावशी मात्र शिकायला यायच्या. एका परदेशी म्हातारीने त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं, पुन्हा पुन्हा मागितलं होतं, आणि यांना कळेना तशी ती भिंतीकडे तोंड करून रडत पडली होती. ते मावशींच्या मनाला लागून राहिलं होतं.

सरांनी तुलना शिकवायला घेतली तेव्हा मावशी खुशीत होत्या. शब्द आखूड असला तर त्याला ‘अर’ची शेपटी लावायची, सगळ्यांवर कडी करायची तर ‘एस्ट’ची. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. लांबलचक शब्दाला शेपटी पेलत नाही, म्हणून त्याच्या पुढे ‘मोअर’ नाहीतर ‘मोस्ट’ चालवायचं. मग क्लीन, क्लीनर, क्लीनेस्ट आलं आणि मावशींनी आपल्या छातीवरच्या ‘क्लीनर’ लिहिलेल्या बिल्ल्याकडे पाहिलं. घरी गेल्यावर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला त्या म्हणाल्या की इतकी वर्षं माझ्या अंगावर ‘जास्त स्वच्छ’ असं लिहिलंय आणि मला पत्ताच नाही. मायलेकी पोट धरून हसल्या.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थापनाचे साहेब वर्ग बघायला आले. सोबत मेट्रनबाई आणि एक फोटोवाला. मावशी त्या दिवशी धावतपळत पोचल्या होत्या. निघता निघता एका पेशंटच्या हातून आयोडीनची बाटली निसटून फुटली होती. काचा वेचून, फरशी पुसून होईपर्यंत वर्गाची वेळ झाली आणि एप्रन बदलायचा राहून गेला. पोटावर हा एवढा तपकिरी डाग.

सरांचा धडा होता वायने संपणाऱ्या शब्दांचा. वाय जातो, त्याच्या जागी आय येतो, मग शेपटी. त्यांनी पुठ्ठ्याच्या पाट्या करून आणल्या होत्या. पाहुण्यांसमोर धडा रंगावा म्हणून त्यांनी तिघींना पुढे बोलावलं, त्यांच्या एप्रनांवर नजर फिरवली आणि एकेकीच्या गळ्यात पाटी अडकवली. पहिलीच्या गळ्यात डर्टी, म्हणजे घाणेरडी. दुसरीच्या डर्टियर. आणि मावशींच्या गळ्यात डर्टिएस्ट.

साहेब खो खो हसले. मेट्रनबाईंनी तोंडाला रुमाल लावला. फोटो निघाला. मावशीही हसल्या. सगळे हसत असताना एकटीने न हसता उभं राहायला हिंमत लागते, आणि ती वेळेवर येतेच असं नाही.

दुसऱ्या दिवशी तो फोटो लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर लागला. लिफ्टची वाट बघणाऱ्या कुणा पेशंटच्या नातेवाइकाने त्यातल्या पाट्या वाचल्या, मग शेजारी बादली घेऊन उभ्या असलेल्या मावशींना न्याहाळलं आणि तो जरासा बाजूला सरकला. तेव्हा कुठे मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं. लेकीने सगळं ऐकून घेतलं.

“वाय तर बिझीलाही असतो, आई,” ती म्हणाली. “बिझी, बिझियर, बिझिएस्ट. तुम्ही तिघी त्यातही बसला असतात.”

सकाळी मावशी थेट मेट्रनबाईंच्या खोलीत गेल्या. सरांनाही तिथे बोलावून घेतलं गेलं. मेट्रनबाईंनी समजूत घातली की कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, ते नुसतं व्याकरण होतं. सर म्हणाले की अशी उदाहरणं डोक्यात पक्की बसतात, आता त्या शब्दाचं स्पेलिंग कुणी चुकणार नाही.

“माझ्या एप्रनवरचा डाग तुम्हाला दिसला, सर,” मावशी म्हणाल्या. “तो कशाचा, ते विचारलंत?”

सरांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं.

“घाण आमची नसते. ती दुसऱ्यांची असते. आम्ही ती आपल्या अंगावर घेतो, म्हणून तुम्हाला ती आमची वाटते.”

सरांचा चेहरा उतरला. ते पुटपुटत सॉरी म्हणाले. मेट्रनबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि झालं तर मग, असं म्हणून दाराकडे हात केला. मावशी हलल्या नाहीत.

“पाटी सगळ्यांसमोर घातलीत. माफी दार लावून कशाला?”

दुपारी फोटो फलकावरून गायब झाला. मेट्रनबाईंनी कारण दिलं की फलक रंगवायचा आहे. फलक कुणी रंगवला नाही. चूक झाली म्हणून काढला, एवढं म्हणायलाही यांची जीभ रेटत नाही, याने मावशींचा संताप आणखीच वाढला. बरोबरीच्या बायका म्हणाल्या की पाण्यात राहून माशाशी वैर धरू नकोस, नोकरीवर गदा येईल. लेक म्हणाली की त्या वर्गाला पुन्हा जाऊच नकोस.

“का नको?” मावशी म्हणाल्या. “इंग्रजी काय त्यांच्या बापाची आहे?”

आणि त्या पुढच्या वर्गाला गेल्या, पहिल्याच रांगेत बसल्या.

सर आले आणि काही घडलंच नाही अशा थाटात त्यांनी धडा सुरू केला. शब्द होता बिग. त्यांनी तिघींना पुढे यायला सांगितलं. कुणी उठलं नाही. आपसात असं काही ठरलेलं नव्हतं. सरांनी पुन्हा सांगितलं, मग जिच्या गळ्यात डर्टियर घातली होती तिच्याकडे बोट केलं. ती बाई एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“बसल्या जागी शिकवा, सर,” ती म्हणाली. “आम्ही नाही उठणार.”

मावशी वळून तिच्याकडे बघतच राहिल्या. सरांनी खडू खाली ठेवला.

“चुकलं माझं,” शेवटी ते म्हणाले. “त्या पाट्या तुमच्या गळ्यात घालायला नको होत्या. तिघींचीही माफी मागतो.”

दोघीतिघी चटकन ‘जाऊ द्या, सर’ म्हणाल्या. मावशी म्हणाल्या नाहीत. माफी ऐकली की जिवाला गार वाटेल अशी त्यांची समजूत होती, पण तसं झालं नाही. हसणारे साहेब इथे नव्हते. मेट्रनबाई नव्हत्या. लिफ्टपाशी बाजूला सरकलेला तो माणूस तर केव्हाच घरी गेला असेल, आणि त्याच्या डोक्यात तो शब्द खरोखरच पक्का बसला असेल.

“पुढे शिकवा,” त्या एवढंच म्हणाल्या.

सरांनी कोपऱ्यातल्या तीन बादल्या ओढून ओळीने मांडल्या आणि फळ्यावर बिग, बिगर, बिगेस्ट लिहिलं. मावशींनी वाचलं. कपाळावरची आठी अजून तशीच होती.

“इथे ‘जी’ दोनदा का?” त्यांनी विचारलं.