सोसेल इतकं कढत

आमच्या घरात कुठलीही वस्तू गुंडाळून येते आणि गुंडाळलेलीच राहते. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. सोफ्यावर जाड प्लास्टिक, त्यामुळे पाहुणे उठायला लागले की आधी चर्र आवाज येतो आणि मग पाहुणे उठतात. फ्रिजच्या दारावर कंपनीने लावलेलं निळसर प्लास्टिक अजून तसंच आहे. कोपरे सुटलेत, आत मळ शिरलाय, पण काढायचं नाही. हा सगळा कारभार माझ्या नवऱ्याचा. मी त्यांना प्लास्टिकराव म्हणते. पाठीमागे नव्हे, तोंडावर. पाठीमागे बोलायला मला वेळ नसतो.

माझं माहेर बरोबर उलटं. तिथे वस्तू दारात आली की उभ्या उभ्या तिची साल निघायची. त्यामुळे या घरात आल्यापासून माझी बोटं शिवशिवतात, आणि ती आवरण्यातच माझा निम्मा संसार गेला.

अशा माणसाने नवी गाडी घेतली, आणि वर कुणीतरी सांगितलं की गाडीच्या रंगावर लावायला पारदर्शक फिल्म मिळते. बाहेरून दिसतसुद्धा नाही, पण रंगाला खडा लागू देत नाही. झालं. देव पावल्यासारखा चेहरा झाला यांचा.

फिल्म लावणाऱ्या बाईच्या वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं गेलो होतो, हे, मी आणि सासूबाई. ही फिल्मवाली मोठी हसरी. खांद्यावर मऊ फडकं, हातात रबराची पट्टी आणि तोंडाची टकळी चालू. काम झाल्यावर तिने सांगितलं, की आठवडाभर धुऊ नका. आत पाण्याचे बारीक फुगे दिसतील, त्यांना हात लावू नका, ते आपोआप बसतात. नंतर हाताने धुवा, सौम्य शाम्पूने आणि मऊ कापडाने. जोराचा फवारा कडांवर मारू नका, नाहीतर कड उचलते. पक्ष्याने घाण केली तर घासू नका, भिजवा आणि मग टिपून घ्या.

"आणि ओरखडा पडला तर?" यांनी विचारलं. आवाज असा, जणू डॉक्टरला रिपोर्ट विचारताहेत.

"बारीक असला तर स्वतःचा स्वतः भरतो. ऊन लागू द्या, नाहीतर वर गरम पाणी ओता. खोल चिरलं तर मात्र नाही हं. थांबा, दाखवते." तिने फिल्म लावलेला पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि तारेचा ब्रश त्यावर सर्रकन ओढला. यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. तिने पाणी ओतलं, रेघा विरल्या, सासूबाई "अगं बाई!" म्हणाल्या, मी टाळी वाजवली, तरी यांचे डोळे मिटलेलेच. झालं का, झालं का, असं विचारून मगच उघडले.

"म्हणजे गेंड्याची कातडी म्हणा की," सासूबाई म्हणाल्या.

"गेंड्याला तरी जखम होते हो आजी," फिल्मवाली म्हणाली.

गाडी घरी आली आणि पोर्चमध्ये बसली. बसली म्हणजे बसलीच. आठवडा फुग्यांमध्ये गेला. हे रोज वाकून फुगे बघायचे आणि फिल्मवालीला फोन करायचे. शेवटी ती बिचारी फोन उचलेना. फुगे बसले तर यांना धुळीची काळजी. गाडीच्या रंगावर फिल्म, फिल्मवर कापडी कव्हर, आणि कव्हर मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर. स्वतः ऑफिसला बसने. का, तर रस्त्यावर खडी सांडलीय. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात तो हाच. पोर्चमध्ये सायकल ठेवायलाही जागा उरली नाही, आणि आम्ही पूर्वी चालत जायचो तिथे अजून चालतच जात होतो.

मला त्याचं काही नव्हतं. मी चालणारी बाई आहे. प्रश्न सासूबाईंचा होता.

सासूबाईंनी या वयात गाडी चालवायला शिकून लायसन्स काढलं होतं. दोनदा नापास झाल्या आणि तिसऱ्यांदा पास झाल्या. कारण एकच, त्यांची धाकटी बहीण. आमच्या या मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बसची पायरी चढू शकत नाहीत, आणि आता नजरही मंदावत चाललीय. दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात, पण भेट व्हायची तर तिसऱ्याच्या सवडीने. सासूबाईंनी मावशींना शब्द दिला होता. "तुला दिसतंय तोवर तुला तळ्यावर घेऊन जाईन. मी चालवीन आणि तू शेजारी बसशील. कुणाच्या पाया पडायचं नाही."

आणि गाडी दारात असून किल्ली कपाटात. सासूबाई विचारायच्या आणि हे म्हणायचे, "फिल्म नीट बसू दे, आई." मग म्हणायचे, "जरा धूळ कमी होऊ दे." मग, "आधी एक मोकळं मैदान बघू." त्या मान डोलवून आत जायच्या. पण एकदा मी बघितलं, त्या खुर्चीत बसून पायाने हळूच क्लच दाबत होत्या. फरशीवर. मला म्हणाल्या, "विसरायला होतं गं. शिकलेलं हातापायांतून निघून जातं." मला असा राग आला! माणसाने वस्तू जपावी, पण माणसापेक्षा जास्त?

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेले तशी मी कपाटातून किल्ली काढली. तीसुद्धा छोट्या पिशवीत होती.

"आई, चला. एक चक्कर."

"तो काय म्हणेल?"

"ते बसमध्ये उभे असतील. त्यांना काय कळतंय?"

चादर काढली, कव्हर काढलं. सासूबाई सीटवर बसल्या तर सीटवरचं प्लास्टिक सोफ्यासारखंच चर्र झालं. आधी दोनदा गाडी बंद पडली, मग धक्के खाल्ले, आणि मग कोपऱ्यावरून वळलो तशा त्या ताठ झाल्या. मान सरळ, नजर पुढे, ओठ मुडपलेले. शाळेपर्यंत गेलो, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, बाजाराच्या मागून परत आलो. भाजीवाल्याने चक्क बाजूला होऊन वाट दिली, तर त्यांनी मान झुकवून आभार मानले. मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं.

आणि घात झाला तो घराच्या दारात. फाटक पूर्ण उघडायचं मी विसरले. त्याची कडी बाहेर आलेली होती, ती डाव्या दारावरून कर्र करत गेली. उतरून बघतो तर हँडलच्या खाली पेन्सिलीने ओढावी तशी लांब रेघ.

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रेघेकडे बघत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "त्याचंच बरोबर होतं. मला नाही हे जमायचं. किल्ली होती तिथे ठेव. मावशीला मी सांगेन काहीतरी." मी किती सांगितलं, की चूक फाटकाची, म्हणजे माझी. पण त्या आत जाऊन बसल्यासुद्धा. एवढी धीराची बाई, पण खांदे पार पडलेले. मला रडूच यायला लागलं.

मग मला पत्र्याचा तुकडा आठवला.

"आई! गरम पाणी!"

आता गरम म्हणजे किती, ते फिल्मवालीने सांगितलं नव्हतं. फोन केला, तर यांच्या घरचा नंबर बघून तिने उचलला नाही. मी म्हटलं, उकळतं घेऊ, काम पक्कं होईल. त्याबरोबर सासूबाई उठल्याच. "उकळतं? वितळवायचीय का तिला? कातडीच आहे ती, किती झालं तरी. कोमट तर कोमट घ्यावं."

"कोमट पाण्याने चहासुद्धा होत नाही, आई."

"मग कढत. पण हाताला सोसेल इतकं कढत. बाळाला आंघोळ घालताना बघतात तसं कोपराने बघायचं."

त्यांनी कोपर बुडवून बघितलं, थोडं गार घातलं, पुन्हा बघितलं. ज्या बाईने माझ्या नवऱ्याला न्हाऊमाखू घातलं, तिला आता त्याच्या गाडीला न्हाऊ घालावं लागत होतं. किटलीतून त्यांनी रेघेवर सावकाश धार धरली. वाफ निघाली. वाफ गेली आणि रेघ नव्हती. मी बोट फिरवलं, नखही फिरवलं. नव्हती.

सासूबाई खळखळून हसल्या. लग्नाळू मुलीसारख्या हसल्या. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. गाडीवर बाहेरून आलेली धूळ होती आणि हँडलच्या खाली एवढी एकच जागा लख्ख. जणू बोट दाखवून सांगतेय, इथे काहीतरी शिजलंय. मग आम्ही दोघींनी अख्खी गाडी धुतली. सौम्य शाम्पू, मऊ कापड, वरून खाली, कडांना सांभाळून, सगळं सांगितल्यासारखं. कव्हर घातलं, त्यावर चादर. किल्ली पुन्हा पिशवीत घालून मी कपाटाकडे निघाले होते.

हे आले आणि फाटकातच थबकले. गाडीखाली सगळं ओलं होतं. "गाडी धुतली?"

मी तोंड उघडून थाप मारणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "धुतली. मी चालवून आणली. फाटकाला घासली आणि दारावर ओरखडा पडला."

मी कपाळाला हात लावला. इतकी मेहनत घेतलेली, सगळी पाण्यात. पण त्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

यांनी चादर ओढली, कव्हर ओढलं. दार बघितलं. वाकून बघितलं, तिरकं बघितलं, चष्मा काढून बघितलं. "कुठंय?"

"गेला. गरम पाणी ओतलं."

"असा कसा जाईल? ती बाई विकायला काहीही सांगेल. खरं सांग, कुठल्या बाजूला आहे?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग माझ्या हातातून किल्ली घेतली, ती पिशवीतून बाहेर काढली, आणि लेकाच्या डोळ्यांसमोर तिच्या बोथट कडेने दारावर हळूच एक रेघ ओढली.

यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"किटली आण गं," त्या मला म्हणाल्या. "आणि तू डोळे मिटायचे नाहीत. तिकडे मिटलेस तसे इथे मिटायचे नाहीत."

त्यांनी कोपर बुडवून पाणी बघितलं आणि किटली यांच्या हातात दिली. निम्मं पाणी यांच्या बुटांवर गेलं. पण उरलेलं दारावर पडलं, आणि यांनी डोळे उघडे ठेवले. रेघ बारीक झाली, पुसट झाली, गेली. हे तिथेच वाकून उभे.

सासूबाई म्हणाल्या, "आता सांग. गाडीला जपतोयस की किल्ली मला द्यायची नाहीये?"

यांनी दारावरचं पाणी रुमालाने टिपलं. मग गाडीकडेच बघत म्हणाले, "गाडीला फिल्म लावता आली, आई. तुला कुठे लावता येते?"

माझा सगळा राग एका क्षणात ओसरला. इतके दिवस मी या माणसाला चेष्टेवारी नेत होते, आणि हा वेडा खडीला, धुळीला, मैदानाला पुढे करून आपल्या आईबद्दलची भीती लपवत होता.

सासूबाईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला. "मला जन्मतःच लावून दिलीय रे. ओरखडे थोडे का पडले? तुझे वडील गेले तेव्हा पडला तो खोल होता, तो नाही भरला. बाकीचे भरले. पण त्यासाठी ऊन लागतं, बाबा. चादरीखाली ठेवलं तर कसे भरतील?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला तिथे काही काम नव्हतं.

सुट्टीच्या सकाळी मी बाहेर आले तर हे गाडीत वाकलेले. मला वाटलं, पुन्हा फुगे शोधताहेत. बघते तर ड्रायव्हरच्या सीटवरचं प्लास्टिक फाडून काढत होते. स्वतःच्या हाताने! "घसरतं ते," माझ्याकडे न बघता म्हणाले. "ब्रेकवर पाय नीट बसायला हवा तिचा." मग शेजारच्या सीटचंही काढलं. "मावशीचे गुडघे..." एवढंच म्हणाले.

सासूबाई एकट्याच गेल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या, त्यांना बहिणीला शेजारी बसवायचं होतं. मी फाटक पूर्ण उघडलं, कडी हाताने दाबून धरली. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी हे तिथेच. दुपार कलायला लागली तसे पुन्हा बाहेर जाऊन उभे राहिले, हातात भरलेली किटली. दर थोड्या वेळाने आत यायचे, पाणी पुन्हा तापवायचे, कोपर बुडवून बघायचे आणि बाहेर जायचे.

गाडी आली. शेजारच्या सीटवर मावशी, खिडकीची काच खाली, केस वाऱ्याने विस्कटलेले आणि चेहरा लहान मुलीसारखा. "तळं अजून तेवढंच मोठं आहे रे," त्या यांना म्हणाल्या. "मला सगळं दिसलं."

यांनी आधी आईला उतरवलं आणि मावशीला हात दिला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून, तिरकं बघत. कुठेच काही नव्हतं. किटली हातात घेऊन क्षणभर असे उभे राहिले, जणू थोडे हिरमुसलेच.

"अहो, आणा इकडे," मी म्हटलं. "चहा टाकते."

पाणी सोसेल इतकंच कढत होतं, त्याला आणखी एक उकळी आणावी लागली. तोवर सोफ्यावर दोघी बहिणी चर्र आवाज करत बसल्या होत्या, आणि मी फ्रिजच्या दारावरच्या निळसर प्लास्टिकचा सुटलेला कोपरा बोटांत धरला. हे बघत होते. मी ओढलं.