मागच्या कुंपणाची केळ

माझी दारूची केळी मरत होती, आणि ती कोण मारतंय हे मला पक्कं ठाऊक होतं. शेजारची नान्तोंगो! दुसरं कोण असणार? पानं खालून पिवळी पडायची, देठात मोडून खोडाभोवती लोंबायची. खोड कापलं की आत तपकिरी दोरे. रांधायची केळी मात्र हिरवीगार. म्हणजे बरोबर नेम धरलेला. गावात केळीची दारू करणाऱ्या आम्ही दोघीच, त्यातली एक बसली की दुसरीचं फावलं.

तिने आमचा कोयता उसना नेला होता. परत दिला तो धुऊन, लख्ख करून. आता मला सांगा, उसना कोयता धुऊन कोण देतं? ज्याच्या मनात पाप आहे तोच ना!

वर बाईला तोरा भारी. आमच्यात मुलगी झाली की तिची वार, बाळामागून पडते ती, रांधायच्या केळीखाली पुरतात, मुलगा झाला की दारूच्या केळीखाली. मग ती केळ त्या लेकराची. माझ्या तिघी मुली, त्यांच्या केळी चुलीमागे उभ्या आहेत. नान्तोंगोला मुलगा. त्याच्या केळीशी ती येता-जाता गप्पा मारायची, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी गावच्या चेअरमनकडे गेले. म्हटलं, रोग तिच्याकडूनच आलाय, तिचेही काही खुंट पिवळे आहेत, तिची सगळी दारूची केळी खणून जाळा. त्यांनी शनिवारी सभा लावली. त्याआधी शहरातून रोग तपासणाऱ्या डॉक्टर अटिमबाई आल्या आणि दोन्ही बागांतल्या खोडांचे तुकडे घेऊन गेल्या.

नान्तोंगो माझ्या दारात येऊन रडली. "ताई, बाकी सगळी जाळा. माझ्या लेकाची तेवढी एक राहू द्या."

"रड," मी म्हटलं. "कोयता धुताना नाही आलं रडू!"

माझा नवरा सेर्वांगा तलावातल्या बेटांवरून सुकी मासळी आणून विकतो. निम्मे दिवस तिकडेच असतो. तो म्हणाला, "सोड ना, कशाला वाढवतेस?" तिचा एवढा कळवळा? मला त्यातही काळंबेरं दिसायला लागलं.

शनिवारी फणसाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं. मी कुदळ घेऊनच गेले होते.

अटिमबाई म्हणाल्या, "रोग एकच, मर रोग. पण तो करणाऱ्या बुरशीची कुळं वेगवेगळी असतात. बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात, आतून तपासल्यावर कळतं कोण कुणाची."

"बुरशीलाही कूळ?" चेअरमन म्हणाले. "माशाचं की माकडाचं?" आमच्यात माणसांची कुळं प्राण्यांच्या नावांनी ओळखतात, त्यामुळे लोक खो-खो हसले. मला नाही हसू आलं.

"नान्तोंगोच्या बागेतली बुरशी या गावातलीच, जुनी आहे," बाई म्हणाल्या. "हिच्या बागेतली तिच्या नात्यातही नाही. हे कूळ आम्हाला आजवर फक्त बेटांवर सापडलंय. बुरशी काही पोहत येत नाही. कुणी लावायला आणलेल्या केळीच्या कोवळ्या मुनव्याबरोबर, त्याच्या मुळाच्या मातीतून आली असणार. तुमच्याकडे पहिली कुठली केळ पिवळी पडली?"

"मागच्या कुंपणाजवळची," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला आठवलं.

तो मुनवा सेर्वांगाने आणला होता. बेटावरून, गोणपाटात बांधून. केळीच्या बागेत कधी पाय न टाकणारा माणूस, स्वतः खड्डा खणायला बसला! मी कंद नेहमीसारखा खरवडायला घेतला, तर अंगावर खेकसला, "माती झटकू नकोस!" मला तर तेव्हा कौतुकच वाटलं होतं. म्हटलं, चला, नवऱ्याला घराची ओढ लागली. बेटावरून आला की आधी तिकडे जाऊन उभा राहायचा.

"ती केळ मातीसकट काढून जाळा," अटिमबाई म्हणाल्या. "आजच. ती राहिली तर बाकीचं काही वाचणार नाही."

सेर्वांगा इतका वेळ मागे बसला होता. तो उठून उभा राहिला.

"बाकी सगळी जाळा," तो म्हणाला. "तेवढी एक राहू द्या."

अगं आई गं! हेच शब्द मी माझ्या दारात ऐकले होते. फणसाखालच्या म्हाताऱ्या बायकांना माझ्याआधी कळलं असावं, कारण त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दारूची केळ, तीही वार पुरलेल्या मातीसकट. आणि मी मूर्ख, शेजारणीचा कोयता हुंगत बसले होते!

मी एवढंच विचारलं, "मुलाचं नाव काय ठेवलंत?"

त्याने मान वर केली नाही. "कायोंगा."

माझ्या सासऱ्यांचं नाव. तिन्ही बाळंतपणांत मी तेच नाव तयार ठेवलं होतं, आणि तिन्ही वेळा पुढच्या खेपेला म्हणून मनात परत जपून ठेवलं होतं.

नान्तोंगो उठली. मला वाटलं, आता ही मला सगळ्यांदेखत बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं तिने. तिने माझ्या हातातली कुदळ काढून बाजूला ठेवली आणि माझ्याजवळ चटईवर बसली.