दुलईचे दोन कोपरे

अंतराळयानं जोडणाऱ्या त्या कारखान्यात शिवणकाकूंच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. इंजिनिअर मंडळी कितीही शिकलेली असोत, उन्हाच्या भाजण्यापासून आणि सावलीतल्या गारठ्यापासून यानाला वाचवणारी दुलई शेवटी काकूंच्याच हातची. चंदेरी पातळ पापुद्र्यांचे वीस थर, दर दोन थरांमध्ये बारीक जाळी आणि कडा हातानं शिवलेल्या. एकतीस वर्षांत आपला एक टाका परत आला नाही, हे त्या दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायच्याच.

सूनही त्याच कारखान्यात होती. यानाचे दोन कॅमेरे तिचे. पूर्वी खलाशी ताऱ्यांवरून दिशा काढायचे, यानही तेच करतं. हे कॅमेरे तारे ओळखतात आणि यानाचं तोंड कुठे आहे ते सांगतात. सुनेनं त्यांच्यासाठी सहा वर्षं घातली होती. काकूंना तिचा अभिमान इतका, की बस थांब्यावर भेटलेल्या परक्या माणसालाही त्या सांगून मोकळ्या व्हायच्या. सुनेसमोर मात्र वेगळीच तऱ्हा. "आकाशातले तारे ओळखतेस, आणि शर्टाचं बटण लावलंस ते बघ, लोंबतंय!" सून हसून सोडून द्यायची.

त्या दिवशी सकाळी अकराला यान मोठ्या पेटीत बंद होऊन उड्डाणतळाकडे निघणार होतं. पेटी बंद झाली की पुढे कुणी दुलईला हात लावणार नव्हतं. काकू आपल्या खोलीत दोऱ्याच्या वहीवर शेवटची सही करायला बसल्या. शिवणखोलीचा नियमच होता तो. प्रत्येक दुलईला ठरावीक लांबीचा दोरा मिळायचा, आणि काम संपलं की उरलेला तुकडा मोजून लिहायचा, म्हणजे यानात कुठे धागा राहिला नाही याची खात्री. दोन कॅमेऱ्यांच्या दोन दुलया, दोन्ही एकाच मापाच्या. पहिलीचा दोरा जितका उरला होता, त्यापेक्षा दुसरीचा चार बोटं कमी उरला होता.

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चार बोटं गेली कुठे?

आणि मग लख्ख आठवलं. खालच्या दोन कोपऱ्यांत दोन-दोन बोटांची फट मोकळी ठेवायची असते. यान वर चढताना दुलईतली हवा तिथून बाहेर पडते. फट नसेल तर हवा अडकते, दुलई फुगते आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर येते. पहिली दुलई शिवताना काकूंनी फटी बरोबर सोडल्या होत्या. दुसरीच्या वेळी काम संपत आलं, हात रंगात आला, सुनेचा कॅमेरा म्हणून आणखी जीव ओतला, आणि कोपरे सुरेख, घट्ट, शेवटच्या टाक्यापर्यंत बंद करून टाकले. शिवणाऱ्या बाईला भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय चैन पडत नाही, त्याचा हा प्रसाद. तपासनीस आला होता, पण "तुमच्या कामात काय बघायचं, काकू?" म्हणत त्यानं सही ठोकली होती. तेव्हा काकू केवढ्या फुशारल्या होत्या!

ती वही दुसरं कुणी वाचत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कदाचित दुलई फुगणारही नाही. काकूंनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. सुनेची सहा वर्षं आपल्या एका कदाचितवर टांगायची? त्या उठल्या, पांढरा झगा, टोपी, हातमोजे चढवले आणि जोडणीच्या हॉलमध्ये शिरल्या.

"साहेब, पेटी बंद करू नका. दुसऱ्या कॅमेऱ्याची दुलई मी चुकवलीय."

जोडणीप्रमुख साहेबांनी हात वर करून काम थांबवलं. यानाजवळ उभी असलेली सून वळली.

"काय चुकलं, आई?"

"दोन्ही कोपरे बंद केले गं. हवा निघणार नाही. तुझा कॅमेरा आंधळा होईल."

"अहो, पण मी स्वतः बघितलंय!" तपासनीस मध्येच म्हणाला.

"तू मला बघितलंस, बाबा. कोपरा नाही बघितलास."

तो लाल झाला आणि चिकटपट्टी आणायला वळला.

काकू यानाखाली गुडघ्यांवर बसल्या. सुनेनं दिवा धरला. काकूंनी एकेक टाका उसवायला घेतला. कापलेला प्रत्येक धागा चिकटपट्टीवर लागत होता आणि तपासनीस मोठ्यानं आकडा म्हणत होता. या वेळी तो नाक टेकवून बघत होता. पाऊण तासात दोन्ही फटी मोकळ्या झाल्या.

"एवढा बारीक टाका घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?" सुनेनं हळूच विचारलं.

"तुझा होता म्हणून घातला." हे वाक्य काकूंच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं सरळ बाहेर पडलं होतं.

हॉलबाहेर झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल भरायचा होता. पहिला रकाना होता, चूक कोणाकडून झाली.

"'शिवण विभाग' लिहू," साहेब म्हणाले. "तुमचं नाव कशाला, काकू? एवढ्या वर्षांचं काम आहे तुमचं."

"सुई विभागानं धरली नव्हती, साहेब." काकूंनी ठळक अक्षरात आपलं नाव लिहिलं. मान खाली होती, पण अक्षर वाकडं नव्हतं.

दुसरा रकाना होता, चूक कोणी शोधली. काकू तिथे थांबल्या. सुनेनं त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'माझ्या सासूबाईंनी.'

"अहो, अहवालात नाती लिहीत नाहीत," साहेब म्हणाले. "हा कागद यानाच्या फाइलमध्ये कायमचा राहणार आहे. नंतर येणारी माणसं वाचतील."

"म्हणूनच लिहिलंय."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. साहेबांनी कागद एकदा सुनेकडे फिरवला, एकदा काकूंकडे, आणि काहीही न खोडता खाली सही केली.