पातूर रोडच्या पंपावरचा भडका

धर्मेंद्रनं पातूर रोडच्या पंपावर पेट्रोलचा टँकर लावला, तेव्हा ऊन नुसतं रटरटत होतं. पंप कालपासून कोरडा. दुचाकीवाले ताटकळून वैतागले होते. टँकर झटपट रिकामा करावा अन् दिवस मावळायच्या आत हिवरखेडला घर गाठावं, असं त्याच्या मनात होतं. पण मॅनेजर भावना तायडे आडव्या आल्या. आधी त्यांनी आग विझवायचा लाल बाटला हाताशी आणून ठेवला. मग टँकरच्या रंगावर बसलेला अर्थिंगचा चिमटा काढून उघड्या लोखंडावर लावला.

"येवढं कोन पाह्यते, ताई?"

"पेट्रोल पाइपातून धावलं का त्याच्यात वीज साठते, भाऊ. तिले जमिनीत जायाले वाट पायजे. अशा वाळल्या हवेत तर पायजेच."

पेट्रोल उतरू लागलं. पंपाचे मालक पुंजाराम यांना मात्र गिऱ्हाइकांची कटकट ऐकवेना. किती भरलं ते पाहायला त्यांनी जमिनीतल्या टाकीचं लहान झाकण उघडलं अन् मोजायची सळई आत सोडली.

"पुंजारामभाऊ, नोका! आधी पेट्रोल थांबू द्या, त्यातली वीज निवू द्या—"

ठिणगी कोणाला दिसलीच नाही. भप्पकन जाळ उठला.

पाइप उपसावा अन् टँकर घेऊन पळावं, एवढंच धर्मेंद्रला सुचलं. त्याचा हात पाइपावर पडलाही.

"पाइप ओढू नोका! वॉल्व्ह बंद करा!"

ओरडता ओरडताच भावनाताईंनी मालकाला कॉलर धरून मागं खेचलं अन् बाटल्याची कळ दाबली. पांढरी भुकटी फवारत त्या जाळाच्या अंगावरच गेल्या. धर्मेंद्रनं वॉल्व्ह आवळला. जाळ दबला तसं ताईंनी पायानं झाकण लोटलं अन् घट्ट दाबून धरलं.

पाइप ओढला असता तर त्यातलं पेट्रोल साऱ्या पंपावर सांडलं असतं, हे धर्मेंद्रला नंतर उमगलं. आजवर किती पंप पाहिले, पण अशा वक्ती डोकं ठिकाणावर ठेवणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं.

पुंजारामच्या हातावरचे केस तेवढे जळाले. ते रांगेकडे वळले. "आज पेट्रोल भेटनार नाई. आता मॅडम म्हनतीन तवाच पंप सुरू होईन."

दुचाकीवाल्यांनी गाड्या वळवल्या.

भावनाताई पायरीवर बसल्या. पाण्याची बाटली उघडायला गेल्या, पण बूच काही फिरेना. धर्मेंद्रनं बाटली घेतली, बूच फिरवून परत दिली.

"भेव नाई वाटलं, ताई?"

"आता वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या अन् घटाघटा पाणी प्यायल्या.