पाहुण्यांसाठी धूर

लाकडी पट्टी टाकीच्या तळाला टेकवून क्रांतीनं दहा अंक मोजले, मग ती बाहेर काढून हवेत हलवली. बर्फाची पांढरी रेघ अठरा सेंटिमीटरवर उमटली. म्हणजे वीर्य गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजन टाकीत पुरेसा होता. तिनं बोकडाच्या गोठवलेल्या वीर्याची एक बारीक नळी, म्हणजे कांडी, काढली, कोमट पाण्यात धरली आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. शंभरातले चाळीस तरी शुक्राणू पळताना दिसायला हवे होते. दिसले पाच-सहा, तेही जागच्या जागी थरथरणारे.

महिन्यातली ही अशी चौथी कांडी. खोट टाकीत नव्हती. ती जिथं शेळ्यांच्या रेतनाचं काम करी, त्या जतच्या शेळीपालक संघाच्या अध्यक्षांना, नानासोंना, धूर दाखवायची भारी हौस. पाहुणा आला की ते झाकण उघडत, कांड्यांचा डबा खांद्याएवढा उचलत आणि पांढरा धूर ओसंडत असतानाच फोटो काढून घेत. तेवढ्या वेळात कांड्यांचा गारठा उतरे आणि आतलं वीर्य दर खेपेला थोडं थोडं मरे. डबा परत बुडवून मेलेलं काही उठत नसे.

क्रांतीनं दोनदा हळूच सांगून पाहिलं होतं. "पोरी, सोड्याची बाटली हाय व्हय ती, उघडली की उतरायला?" म्हणून ते हसले होते. तिची नेमणूक दरसाल त्यांच्याच सहीनं होई. ती त्याच कांड्या शेळ्यांना भरत राहिली. वर संघाच्या सभासद बनुबाईच्या पाच शेळ्या गाभ न राहता दोनदा उलटल्या, पुन्हा माजावर आल्या, तेव्हा नोंदवहीत कारण तिनंच लिहिलं : शेळ्या अशक्त.

आज बनुबाई सकाळपासून व्हरांड्यात बसून होती. घरधन्यानं शेळ्या वांझ ठरवून उद्या खाटकाला बोलावलं होतं. कडबा घातला, पेंड घातली, मग अशक्त कशा, एवढंच तिला विचारायचं होतं.  क्रांतीला नानासोंचा राग तर होताच. त्याहून जास्त नोंदवहीतल्या स्वतःच्या त्या सुबक अक्षराचा होता.

दुपारी मलकापूरचे पाहुणे आले.

"बघा पाव्हणं, बोकड मरून दोन वर्सं झाली, पर गडी अजून बाप होतोय," नानासो म्हणाले. सगळे हसले. करडं किती झाली, असं एकानं विचारलं.

"लय झाली असती. पर हितल्या बाया शेळ्यांना धड खायाला घालत न्हाईत."

बनुबाईनं मान खाली घातली. नानासोंनी टाकीकडं हात नेला, तोच क्रांतीनं झाकणावर पंजा दाबून धरला.

"हात काढ."

"काढणार न्हाई." तिचा आवाज चढला नाही. "नाना, ह्यातलं सगळं बीज मेलंय. तुमी फोटोपायी मारलंय, आणि मी शेळ्यांच्या नावावर खोटं लिवलंय. बनुमावशी, तुमच्या शेळ्या चांगल्या हायत, खाटकाला माघारी लावा. ह्या टाकीतली एकबी कांडी मी आता कुणाच्या शेळीला भरणार न्हाई."