कलाबाईंनी मागितलेली प्रार्थना

मिशन दवाखान्याच्या मनोविकार वॉर्डात जयमाला दाखल झाली तेव्हा तिला एकच धास्ती होती. ही माणसं औषधं देऊन, नाहीतर प्रार्थना करून, आपल्या मनातून सीमाला काढून टाकणार.

नागापूरच्या कारखान्यात दोघी पॅकिंगला होत्या. चार वर्षं एकाच खोलीत राहायच्या आणि त्या खोलीला घर म्हणायच्या. मग पारनेरचं स्थळ आलं, साखरपुडा ठरला आणि जयमालाची झोप उडाली. पाठोपाठ अन्नही जाईना. आईने खोदून विचारलं तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं, आणि त्यानंतर तोंडच मिटलं.

आई कलाबाई खमकी. मिशनचा दवाखाना तिने निवडला तो भावकीतलं कुणी तिकडे फिरकत नाही म्हणून.

वॉर्डात रोज सकाळी गोळ्यांच्या आधी प्रार्थना व्हायची. बोलून उपचार करणाऱ्या एस्तेर भिंगारदिवे मॅडम विचारायच्या, "कुणासाठी काही मागायचंय?" नातेवाईक दोन शब्दांत उरकायचे. बरं वाटू दे, घरी जाऊ दे. कलाबाईला ही रीत कुठली ठाऊक? तिला अनुभव तहसील कचेरीचा, तिथे अर्धवट सांगितलं की अर्ज परत येतो. तिसऱ्या दिवशी ती पदर खोचून उभी राहिली.

"मॅडम, माझी पोरगी जयमाला, खाट नंबर सहा. तिला नवरा नको, तिची मैत्रीण सीमा पायजे. नागापूरला असती ती. तेवढं हिच्या डोक्यातनं काढा. आमी बौद्ध हाय, देव मानत न्हाई. पन तुमच्यात हुत आसंल तर बघा."

जयमालाने चादर डोक्यावरून ओढली. अकरा खाटांवरची डोकी वळली. मग शेजारच्या खाटेवरून म्हाताऱ्या केशरबाई म्हणाल्या, "नवरा नको म्हनती व्हय? मी चाळीस वर्सं हेच म्हनतीय, मला न्हाई कुनी दवाखान्यात आनलं."

वॉर्ड खुदखुदला. मॅडमनी डोळे मिटले.

"बापा, जयमालाला झोप दे. तिला जेवण जाऊ दे. तिला जीव लावणारी माणसं तिच्याजवळ राहू दे. तिच्या आईला भीती वाटतेय, ती हलकी कर. आमेन."

"मॅडम, म्हत्त्वाचंच ऱ्हायलं," कलाबाई कुजबुजली.

"नाही राहिलं, कलाबाई."

चादरीखाली जयमालाने ते 'नाही राहिलं' दोनदा मनात म्हणून पाहिलं.

अकरा वाजता मॅडमच्या खोलीत ती पहिल्यांदा बोलली. "कधी काढणार?"

"काय?"

"सीमाला."

"सीमा काय मुतखडा आहे?" मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "तुझं तिच्यावर प्रेम आहे, तो आजार नाही. डॉक्टरांच्या आजारांच्या यादीत पूर्वी होतं. आता जगभरच्या यादीतून काढलंय."

"आणि तुमच्या बायबलात?"

"त्यावरून चर्चमध्ये माझी भांडणं होतात. तो माझा ताप, तुझा नाही. या खोलीत तुला कुणी बदलणार नाही."

"मग मला झालंय काय?"

"महिनाभर तू भिऊन जागी आहेस. उपचार त्यावर करायचा. आणि दवाखान्यातून उठून कुणी साखरपुड्याला जात नसतं, तशी चिठ्ठी मी देते. आईशी मात्र तू हो म्हटल्याशिवाय बोलणार नाही."

जयमाला रडली, पोटभर. त्या दुपारी तिला झोप लागली ती थेट चहाच्या भांड्यांच्या आवाजाने मोडली.

रोज अकराला ती त्या खोलीत जायची. नवव्या दिवशी तिने हो म्हटलं आणि तिघी एकत्र बसल्या. कलाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे यावर औषध न्हाईच?"

"आजारच नाही, तर औषध कशाचं?"

"आन लोकांना काय सांगू मी?"

"ते आपण तिघी मिळून ठरवू. आजच ठरलं पाहिजे असं नाही."

कलाबाई लेकीकडे वळून म्हणाली, "पारनेरवाल्यांना मी जाऊन सांगती. पोरगी आजारी हाय म्हनून न्हाई. मोडलं म्हनून."

जयमाला तिच्याकडे बघतच राहिली.

"बघती काय? राजी न्हाई मी. पन काल तू दोन भाकरी खाल्ल्यास, ते दिसतं मला." ती उठली, पिशवी उचलली. "मला दोन दिस लागतील. तवर हितं सोबतीला बाईमानूस पायजे. तुझ्या सीमाला फोन कर. गोधडी आन म्हनावं, फरशी लई गार हाय."